टोपी मोजायची कशाला?

वेल्सचा रग्बीपटू निवृत्त झाला की त्याची कारकीर्द टोप्यांत मोजतात: देशासाठी एक सामना, एक टोपी. गॅरेथ एडवर्ड्सच्या ५३ टोप्या, १९६७ ते १९७८, मधला एकही सामना न चुकवता. अ‍ॅलन विन जोन्सच्या नुसत्या वेल्ससाठी १५८. आणि मैदानात टोपी घालतो कोण? कुणीच नाही. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांच्या त्या रेटारेटीत, शिरल्यावर ती दोन मिनिटेही टिकायची नाही.

मुळात मात्र ती घालण्यासाठीच होती. इंग्लंडमधल्या रग्बी शाळेत तेव्हा पोरांचे थवेच्या थवे एका चेंडूवर तुटून पडत. त्या झुंबडीत आपला कोण नि परका कोण हे कळायला खूण हवी. १८३९ साली राणी अ‍ॅडलेड शाळेत आली, तेव्हा स्कूल हाउसची मुले लाल मखमली टोप्या घालून खेळली. पुढे रंगीत जर्सी आल्या आणि ओळख पटवायचे काम टोपीकडून गेले. एरवी अशी वस्तू अडगळीत पडते. हिला उलट मान चढला. १८८६ मध्ये लेन जॅक्सन यांच्या सूचनेवरून इंग्लिश फुटबॉल संघटनेने देशासाठी खेळणाऱ्याला रेशमी टोपी द्यायचे ठरवले: पांढरी, पुढे लाल गुलाब.

क्रिकेटमध्ये ऊन असते, म्हणून तिथे टोपी डोक्यावरच राहिली. आता तर तिला क्रमांकही असतो.

भारताची २७८ क्रमांकाची कसोटी टोपी डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेची. सातव्या वर्षी तो तिथल्या मॅटिंगच्या खेळपट्टीवर शिकू लागला. पुढची हकिकत त्यानेच सांगितलेली आहे: डोंबिवलीहून सरावाला लोकलने एकट्याने जायचे ठरले, तेव्हा पोरगा नीट पोचतो का हे पाहायला वडील त्याच गाडीच्या मागच्या डब्यात बसले होते. डोंबिवलीची सकाळची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला स्क्रम वेगळा समजावून सांगायला नको.

नोव्हेंबर २०११ मध्ये तो कसोटी संघात आला, पण अकरात नाही. पाणी नेणे, बदली क्षेत्ररक्षण, पुन्हा पाणी. शिखर धवनच्या हाताला दुखापत झाली म्हणून मार्च २०१३ मध्ये दिल्लीला टोपी मिळाली. धावा ७ आणि १. त्यानंतर ८४ कसोट्या झाल्या. त्यांतली एक डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला. अ‍ॅडलेडला संघ ३६ धावांत गुंडाळला गेला होता, त्याच्या पुढचीच. रहाणे कर्णधार होता आणि त्याने ११२ केल्या.