काळी आणि पांढरी
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझे वडील गवंडी होते. थापी, ओळंबा, गुण्या आणि सुतळीचा गुंडा एवढ्या भांडवलावर त्यांनी आमच्या भागात कितीतरी घरे उभी केली. पण घर बांधायला बोलावले की पहिल्या दिवशी अब्बा हत्यारांची पिशवी उघडतच नसत. नुसते जागेवरून फिरत. पाऊस कुठल्या अंगाने झोडपतो, शेजारच्या मोरीचे पाणी कुठे जाते, ओढा कुठवर चढतो, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारीत. मग परातीत काठोकाठ पाणी भरून ती जमिनीवर ठेवीत. ज्या कडेने पाणी सांडेल, तो उतार. अंगणाला ढाळ द्यायचा तो हाताला बोटभर. एका हाताची चोवीस अंगुळे, म्हणजे चोवीस भागांना एक भाग उतार. हे गणित त्यांनी कुठल्या शाळेत शिकले नव्हते. ‘पानी कू रस्ता देव, नै तो वो खुद निकाल लेता,’ असे आमच्या घरच्या दखनीत म्हणत.

आपल्या जुन्या गावांची मांडणीच या पाण्याच्या विचारावर झालेली आहे. गावच्या जमिनीचे दोन भाग. पिकते ती काळी आणि वस्ती असते ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त हे शब्द भेटतात आणि जुन्या कागदपत्रांतही. पांढरी ही नुसती मातीची जात नव्हे. पिढ्यान्पिढ्या एकाच जागी घरे बांधली, पडली, त्यांच्याच मातीवर पुन्हा बांधली. चुलीची राख, शेण, भिंतींचा चुरा साचत गेला आणि गाव आपोआप उंचावर आले. म्हणून तर पुराणवस्तूंचे अभ्यासक पांढरीचे टेकाड दिसले की थांबतात. घोड नदीकाठच्या इनामगावला सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी १९६८ पासून पुढची कित्येक वर्षे उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत कुडाच्या झोपड्या तर होत्याच, पण पाण्यासाठी खणलेला पाट आणि त्यालगतचा बांधही सापडला. डोक्यावर धड छप्पर नव्हते, पण पाणी वळवायचे कसे ते माणसाला कळले होते!

काळीत घर बांधू नये, असे जुनी माणसे सांगत. त्याचे कारण पावसाळा-उन्हाळा पाहिलेल्या कुणालाही समजेल. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चैत्र-वैशाखात अशी भेगाळते की भेगेत हात जावा. वरची भिंत मग तिच्याबरोबर वर-खाली होते. बांधायचेच झाले, तर काळी उपसून मुरमापर्यंत पाया न्यायचा. जोत्यात मुरमाचे थर टाकायचे, प्रत्येक थरावर पाणी मारायचे आणि धुमसाने चोपायचे. हे काम कंटाळवाणे, शिवाय डोळ्यांना न दिसणारे. त्यामुळे चोरी व्हायची ती इथेच.

पण पाण्याचा इतका विचार करणारे आमचे लोक एका गोष्टीत चुकले. माळवदातून गळू नये म्हणून दरसाल पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर वर्षागणिक वाढत जाणारे हे ओझे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बुडवून माणसे नुकती झोपली होती. चार वाजायला चार मिनिटे असताना लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात जमीन हलली. सरकारी हिशेबानेच जवळजवळ आठ हजार माणसे गेली. त्यांत माझी फुफी होती. तिचे घर अब्बांनीच बांधले होते. त्या घरात बत्तीस वर्षांत पाण्याचा एक थेंब गळला नव्हता.

मी तेव्हा नुकताच बी.ए. झालो होतो आणि शब्दांवर माझा फार विश्वास होता. अब्बांना समजवायला गेलो. ते एवढेच म्हणाले, ‘मिट्टी मैंच डाल्या था.’ त्यानंतर त्यांनी थापी हातात घेतली नाही.

बावन्न गावे नव्या जागी हलवली गेली. जुनी पांढरी सोडून लोक काळीत राहायला आले. ज्याची जमीन जितकी, त्याप्रमाणे अडीचशे, चारशे, साडेसातशे चौरस फुटांची घरे. सरळ आखलेले रुंद रस्ते. जुन्या गावात एका हाकेवर असलेला शेजार आता चालत जाण्याच्या अंतरावर गेला. घरे भक्कम होती, ते नाकारायचे नाही. भूकंपाला टिकेल असे घर गरिबाला मिळाले, हे लहान काम नव्हे. पण कागदावर सरळ रेघ ओढताना जमिनीचा उतार रेघेप्रमाणे वागत नाही.

माझ्या फुफेरभावाला चारशे फुटांचे घर मिळाले. ते बघायला अब्बा माझ्याबरोबर आले. दाराशी उभे राहून त्यांनी आधी रस्त्याकडे, मग जोत्याकडे पाहिले. भराव घालून रस्ता इतका उचलला होता, की अंगण खोलगट झाले होते. शेतातून येणारी जुनी ओघळ मुरमाने बुजवली होती. काम पाहणाऱ्या साहेबांना विचारले, तर नकाशात गटार दुसऱ्या बाजूला आहे, असे त्यांनी सांगितले. गटार खरेच दुसऱ्या बाजूला होते. उतार मात्र या बाजूला होता.

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीला आतल्या चुलीपर्यंत पाणी आले. दुसऱ्या दिवशी अब्बांनी भावाच्या घरातली परात मागून घेतली. मी पाणी भरले. तीन ठिकाणी ठेवून पाहिल्यावर त्यांनी टाचेने मातीवर एक वाकडी रेघ ओढली, घरामागून थेट बांधापर्यंत. भावाने आणि मी दोन दिवस कुदळ मारली. मधे शेजाऱ्याची जागा लागली, तेव्हा तोही फावडे घेऊन आला, कारण त्याच्याकडेही पाणी शिरले होते. अब्बा बाजेवर बसून आम्हाला खोली सांगत होते. बऱ्याच महिन्यांनी त्यांचा आवाज चढलेला ऐकला.

अब्बा आता नाहीत. त्यांचे कब्रस्तान जुन्या पांढरीजवळच आहे. त्या चराला भावाने पुढे दगड लावून घेतले. रोहिण्या लागल्या की तो आणि त्याचा शेजारी मिळून चरातला गाळ काढतात. त्या सुमारास मी गेलो, तर फावडे माझ्याही हातात देतात.