मेसरामचं मेश्राम

केसलापूरच्या नागोबा जत्रेत कानावर शब्द पडला: ‘भेटी कोरियाड’. कोरियाड म्हणजे गोंडीत सून. आणि भेटी? ती तर आपलीच भेट!

केसलापूर आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्लीजवळ. पौष अमावास्येला मेसराम कुळाचे गोंड तिथे नागोबाची महापूजा करतात, त्यासाठी गोदावरीचं पाणी पायी आणतात. हे सर्वांना ठाऊक असतं. मी थबकलो सुना पाहून. पांढरी लुगडी, पदर कपाळाखाली ओढलेला, वयस्क बायांमागे एका ओळीत. लग्न होऊन वर्ष उलटलं तरी नागोबाची भेट झाल्याशिवाय सून कुळात धरत नाहीत. आपल्याकडे आडनाव मांडवात मिळतं, इथे ते देवाला भेटून घ्यावं लागतं.

‘भेटी’ हा शब्द निजामी राजवटीच्या उर्दूतून आला, असं कोणी म्हणेल. पण दरबारात मुलाकात होते. देवाची भेट घेणं ही वारकऱ्यांची बोली, आणि आदिलाबादच्या आठवडी बाजारात गोंडांच्या कानावर मराठी पिढ्यान्‌पिढ्या पडत आली आहे. माझ्या मते शब्द आपलाच.

आता मेसराम हे आडनाव. विदर्भात ते ‘मेश्राम’ झालं, म्हणून मेष अधिक राम अशी फोड सुचते. मला ती मुळीच पटत नाही. शेजारची कुळं पाहा: आत्राम, सिडाम, तोडसाम. सिडाममध्ये कुठला राम शोधणार? हा ‘आम’ गोंडी घडणीचा; ‘श’ मराठी लेखणीने घातला.

खरी गाठ पुढे आहे. विदर्भात मेश्राम बौद्ध घरांतही आहेत. दलित साहित्यातलं केशव मेश्राम हे नाव तर घरोघरी माहीत. एक तर्क असा की गोंड राजवटीत गावच्या प्रमुख कुळाचं नाव इतरांनीही घेतलं. चांद्याचं गोंड राज्य 1751 मध्ये भोसल्यांनी घेतलं, तोवर या साऱ्या जाती शतकानुशतकं एकत्र नांदल्या. तर्क बळकट आहे. पण मोठ्यांचं नाव घ्यायचं, तर चांद्याच्या राजघराण्याचं आत्राम याहून जास्त पसरायला हवं होतं. माझा कौल गोंड आणि बौद्ध मेश्रामांच्या एकाच जुन्या मुळाकडे. 15 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडलं हे सांगताना नाग लोकांची आठवण काढली. त्या श्रोत्यांत मेश्राम पुष्कळ असणार, आणि इकडे केसलापुरात मेसरामांचा देव नागच.

म्हणजे नाव गोंडीने मराठीला दिलं, आणि ते नाव पदरात पडण्याच्या विधीला शब्द मराठीने दिला. महापूजेचं पाणी सुना ज्या मातीच्या घागरींतून आणतात, त्याही कुळाबाहेरच्या; त्या घडवतात सिरिकोंड्याचे कुंभार.