आंबोलीच्या जंगलातला व्हीपीएन

पोर्तुगीज गोव्यात लग्नपत्रिका छापायची तरी आधी सेन्सॉरला दाखवावी लागे. वर्तमानपत्रांची तर गोष्टच सोडा. अशा गोव्यात 25 नोव्हेंबर 1955 रोजी रेडिओवर एक नवं केंद्र लागलं: ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. 1510 मध्ये याच तारखेला अल्बुकर्कने गोवा जिंकला होता.

आवाज येत होता सरहद्दीच्या अलीकडून, आंबोलीच्या जंगलातून. (आमच्या अमडापूरहून पाहिलं तर महाराष्ट्राचं पार दुसरं टोक!) ट्रान्समीटर ट्रकमध्ये बसवलेला. 1954 मध्ये दादरा-नगर हवेलीतून पळताना पोर्तुगीजांचे वायरलेस संच मागे राहिले होते, त्यांतूनच तो जुळवला होता. म्हणजे हार्डवेअरही सेन्सॉरवाल्यांचंच. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं बातम्या जमवायचे, लिहायचे आणि कोंकणी-पोर्तुगीजमध्ये वाचायचे. पुढे केंद्र कॅसलरॉकला हललं, पण आवाज जवळपास सहा वर्षं चालू राहिला. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्याची बातमी त्यांनी विमानातून, लाउडस्पीकरवर दिली.

आज आपण व्हीपीएन लावतो तेव्हा वेगळं काय करतो? सेन्सॉरचा हात पोचत नाही तिथला सर्व्हर गाठतो. टॉर त्याही पुढे जातं. तुमची विनंती साधारणपणे तीन संगणकांतून फिरते. पहिल्याला तुमचा पत्ता कळतो, शेवटच्याला तुम्ही कुठे निघालात ते. दोन्ही गोष्टी एकाच जागी सापडत नाहीत.

एवढी डोकेबाज रचना का लागते? कारण रेडिओ ऐकणारा काहीच पाठवत नाही. म्हापशातल्या कुणी दार लावून आवाज बारीक केला, तर शेजाऱ्याने चुगली करेपर्यंत कुणालाच पत्ता नाही. इंटरनेटवर नुसतं वाचायचं तरी आधी मागावं लागतं, आणि मागितल्याची नोंद राहू शकते. माझ्या मते आंबोलीचा ट्रक इथे आपल्या फोनपेक्षा सरस होता.

28 एप्रिल 2022 रोजी सर्ट-इनने नेमका या नोंदीलाच हात घातला. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी पाच वर्षं जपून ठेवायचं, असा आदेश निघाला. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला त्यातून सूट मिळाली. म्हणून माझं वर्क फ्रॉम होम बिनघोर चालतं. काही व्हीपीएन कंपन्यांनी मात्र भारतातले सर्व्हर उचलले आणि सरहद्दीपलीकडून सेवा द्यायला सुरुवात केली.