विस्कॉन्सिनचा राज्य अर्थसंकल्प आणि पोलिसांच्या सेवाशर्ती

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात अर्थसंकल्पीय वाटाघाटींचा पोलीस व तुरुंग कर्मचाऱ्यांची पदे, वेतन आणि निवृत्तिवेतन यांवर थेट परिणाम होत आला आहे. इ.स. २०११ चा 'अधिनियम १०' आणि इ.स. २०२३ चा 'अधिनियम १२' हे या संदर्भातील दोन प्रमुख कायदे होत. पहिल्या कायद्याने बहुसंख्य सरकारी कर्मचाऱ्यांचे सामूहिक वाटाघाटींचे हक्क जवळजवळ संपुष्टात आणले, मात्र शहर पोलीस, शेरीफचे कर्मचारी व अग्निशमन दल यांना त्यातून वगळले. दुसऱ्या कायद्याने मिलवॉकी शहराला नवे करउत्पन्न उपलब्ध करून दिले आणि त्या बदल्यात पोलिसांची किमान संख्या बंधनकारक केली.

पार्श्वभूमी

अमेरिकेत पोलीस यंत्रणा प्रामुख्याने स्थानिक असते. शहरांची स्वतंत्र पोलीस दले असतात, काउंटीमध्ये शेरीफचे कार्यालय काम करते, तर महामार्गांवर राज्याचे गस्ती दल असते. या कर्मचाऱ्यांचे वेतन संबंधित शहर, काउंटी किंवा राज्य देते. शहरे व काउंटी यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग मालमत्ता कर आणि राज्याकडून मिळणारे अनुदान यांतून येतो. त्यामुळे राज्य अर्थसंकल्पात अनुदान घटले किंवा करवाढीवर मर्यादा आली, की त्याचा ताण स्थानिक पोलीस दलांवरही पडतो. विस्कॉन्सिनचा अर्थसंकल्प द्वैवार्षिक असून आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते.

इ.स. १९५९ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटींचा हक्क देणारे विस्कॉन्सिन हे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. पुढे हा हक्क राज्य कर्मचाऱ्यांनाही मिळाला. पोलिसांना संप करण्यास मनाई असल्याने करार न झाल्यास वाद बंधनकारक लवादाकडे सोपवण्याची तरतूद करण्यात आली.

इ.स. २०११ चा अधिनियम १०

जानेवारी २०११ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे स्कॉट वॉकर गव्हर्नर झाले. चालू आर्थिक वर्षात सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलरची, तर पुढील दोन वर्षांत सुमारे ३.६ अब्ज डॉलरची तूट अपेक्षित होती. ती भरून काढण्यासाठी फेब्रुवारीत 'अर्थसंकल्प दुरुस्ती विधेयक' मांडण्यात आले. त्यातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे होत्या:

• सर्वसाधारण कर्मचाऱ्यांनी निवृत्तिवेतन निधीतील सुमारे निम्मे अंशदान स्वतः भरणे. सुरुवातीस हे प्रमाण वेतनाच्या ५.८ टक्के होते. तोपर्यंत कर्मचाऱ्यांचा वाटाही बहुतांशी नियोक्ताच भरत असे.
• राज्य कर्मचाऱ्यांनी आरोग्य विम्याच्या हप्त्याचा सुमारे १२.६ टक्के भाग भरणे.
• वाटाघाटी केवळ मूळ वेतनापुरत्या मर्यादित करणे. ग्राहक किंमत निर्देशांकापेक्षा अधिक वाढीसाठी सार्वमत आवश्यक करणे.
• संघटनेची वर्गणी वेतनातून कापण्यास बंदी घालणे आणि संघटनेला दरवर्षी मतदानाद्वारे मान्यता मिळवणे बंधनकारक करणे.

सिनेटमध्ये ३३ पैकी १९ सदस्य रिपब्लिकन होते, परंतु आर्थिक विधेयकासाठी २० सदस्यांची गणपूर्ती आवश्यक होती. १७ फेब्रुवारी रोजी डेमोक्रॅटिक पक्षाचे सर्व १४ सिनेटर शेजारच्या इलिनॉय राज्यात निघून गेले. मॅडिसन येथील राज्य विधिमंडळाच्या इमारतीत हजारो निदर्शक ठाण मांडून बसले. कायद्यातून वगळलेले पोलीस व अग्निशमन कर्मचारीही या निदर्शनांत सहभागी झाले. अखेर अधिक गणपूर्तीची गरज भासणारा आर्थिक भाग वेगळा काढून ९ मार्च रोजी सिनेटने विधेयक १८ विरुद्ध १ मतांनी संमत केले. दुसऱ्या दिवशी विधानसभेने ते मंजूर केले आणि ११ मार्चला गव्हर्नरांनी स्वाक्षरी केली. न्यायालयीन वादामुळे कायद्याची अंमलबजावणी जूनअखेर सुरू झाली.

पोलिसांना दिलेली सूट

कायद्याने 'सार्वजनिक सुरक्षा कर्मचारी' असा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. शहर पोलीस, उपशेरीफ, अग्निशमन कर्मचारी आणि राज्य गस्ती दलाचे जवान व निरीक्षक यांचा त्यात समावेश होता. पोलीस किंवा अग्निशमन कर्मचारी संपावर गेल्यास सार्वजनिक सुरक्षा धोक्यात येईल, असे समर्थन सरकारने केले. २०१० च्या निवडणुकीत मिलवॉकी पोलिसांच्या संघटनेसह काही सुरक्षा संघटनांनी वॉकर यांना पाठिंबा दिला होता. त्यामुळे ही सूट राजकीय परतफेड असल्याची टीका विरोधकांनी केली. मात्र राज्यव्यापी पोलीस संघटनेने त्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवाराला पाठिंबा दिला होता, तरी तिच्या सदस्यांनाही सूट मिळाली.

विधिमंडळ परिसराचे पोलीस, विस्कॉन्सिन विद्यापीठाचे पोलीस, वन्यजीव व मत्स्य कायद्यांची अंमलबजावणी करणारे रक्षक आणि राज्य तुरुंगांतील रक्षक यांना या वर्गात स्थान मिळाले नाही. राज्याच्या निवृत्तिवेतन योजनेत तुरुंग रक्षक जोखमीच्या सेवेत मोडतात. या सेवेत पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय ५४ वर्षे, तर सर्वसाधारण कर्मचाऱ्यांसाठी ते ६५ वर्षे असते. म्हणजे निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने जोखमीचे मानले गेलेले हे कर्मचारी वाटाघाटींच्या बाबतीत सर्वसाधारण ठरले.

सूट मिळालेल्या पोलिसांचे संरक्षणही पूर्ण नव्हते. त्याच वर्षीच्या द्वैवार्षिक अर्थसंकल्पाने १ जुलै २०११ नंतर रुजू होणाऱ्या पोलिसांना निवृत्तिवेतनातील आपला वाटा भरणे बंधनकारक केले. आरोग्य विमा योजनेची रचना वाटाघाटींच्या कक्षेबाहेर काढण्यात आली. जुन्या पोलिसांच्या अंशदानाचा प्रश्न मात्र वाटाघाटींवर सोडण्यात आला. परिणामी एकाच ठाण्यातील जुन्या व नव्या पोलिसांच्या सेवाशर्ती भिन्न असू शकत होत्या.

तुरुंगांतील मनुष्यबळ

अधिनियम १० नंतरच्या काळात राज्याच्या तुरुंगांत रक्षकांची पदे मोठ्या प्रमाणावर रिक्त राहू लागली. उरलेल्या रक्षकांना सक्तीचे जादा काम करावे लागे. कमी वेतन, कामाचे स्वरूप आणि वाटाघाटींच्या हक्काचा अभाव ही त्याची कारणे म्हणून मांडली गेली. मार्च २०२३ मध्ये वॉपन येथील तुरुंगात कैद्यांच्या हालचालींवर कडक निर्बंध घालण्यात आले. तेथे रक्षकांची निम्म्याहून अधिक पदे रिक्त होती. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात गव्हर्नर टोनी एव्हर्स आणि रिपब्लिकन बहुमत असलेले विधिमंडळ यांनी रक्षकांचे आरंभीचे वेतन ताशी ३३ डॉलरपर्यंत वाढवले. ही वाढ संघटनेशी झालेल्या करारातून नव्हे, तर अर्थसंकल्पातून मिळाली.

इ.स. २०२३ चा अधिनियम १२

मिलवॉकी शहराची स्वतंत्र निवृत्तिवेतन योजना होती आणि तिच्यासाठी भरावयाची रक्कम वाढत चालल्याने पोलीस व अग्निशमन सेवेत कपात होण्याची शक्यता निर्माण झाली होती. प्रदीर्घ वाटाघाटींनंतर २० जून २०२३ रोजी एव्हर्स यांनी अधिनियम १२ वर स्वाक्षरी केली. त्यानुसार राज्यभरातील स्थानिक संस्थांचे अनुदान वाढवून ते विक्रीकराच्या उत्पन्नाशी जोडण्यात आले. मिलवॉकी शहराला २ टक्के विक्रीकर आकारण्याची मुभा मिळाली.

या मुभेसोबत अटीही आल्या. शहराने दहा वर्षांत पोलिसांची संख्या किमान १,७२५ पर्यंत न्यावी, शाळांमध्ये किमान २५ पोलीस अधिकारी नेमावेत आणि नव्या कर्मचाऱ्यांना राज्याच्या निवृत्तिवेतन योजनेत समाविष्ट करावे, असे ठरले. पोलीस व अग्निशमन सेवेची पातळी न राखणाऱ्या २०,००० हून अधिक लोकसंख्येच्या शहरांच्या अनुदानात १५ टक्के कपातीची तरतूद करण्यात आली. यामुळे पोलिसांच्या पदांना कायद्याचे संरक्षण मिळाले, परंतु शहराचे आपल्या खर्चावरील नियंत्रण कमी झाले, असा आक्षेप घेतला गेला.

न्यायालयीन वाद

अधिनियम १० ला वारंवार आव्हान देण्यात आले. जानेवारी २०१३ मध्ये संघराज्याच्या सातव्या मंडलातील अपील न्यायालयाने आणि जुलै २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये दाखल झालेल्या नव्या दाव्यात कर्मचाऱ्यांच्या वर्गीकरणावरच बोट ठेवण्यात आले. २ डिसेंबर २०२४ रोजी डेन काउंटीचे न्यायाधीश जेकब फ्रॉस्ट यांनी कायद्याच्या बहुतांश तरतुदी राज्यघटनाविरोधी ठरवल्या. राज्य गस्ती दलाला सूट देताना विधिमंडळ व विद्यापीठ पोलिसांना ती नाकारण्यास तर्कसंगत आधार नाही, असे त्यांनी नमूद केले. या निकालाविरुद्ध अपील करण्यात आले असून अपिलाच्या काळासाठी अंमलबजावणीस स्थगिती मिळाली. अशा प्रकारे पोलिसांना वाचवण्यासाठी आखलेली सीमारेषाच कायद्याच्या वैधतेवरील वादाचा केंद्रबिंदू ठरली.