देवळाली, इन्सुलिन आणि वाट पाहणं

देवळालीचं नाव इंग्रजीत गेलं ते वाट पाहण्यामुळे. मुदत संपलेले गोरे सोल्जर इथल्या कॅम्पात मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत बसत. काही भ्रमिष्ट होत, त्यातून ‘डूलाली’ हा शब्द आला. आज आपण ज्या आजाराचा इतिहास पाहतोय, त्यात वाट पाहणं मुलाच्या जिवावर बेततं. तो म्हणजे डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिस.

इन्सुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही. चरबी जळते, किटोन साचतात, रक्तातली आम्लता वाढते. ११ जानेवारी १९२२ला टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं; फारसा उपयोग झाला नाही. कॉलिपनं अर्क शुद्ध केला, २३ तारखेला तो दिला आणि साखर उतरली, किटोन गेले. लिओनार्ड आणखी १३ वर्षं जगला.

मग औषध असूनही मुलं का दगावतात? निदान उशिरा होतं म्हणून. इटलीतल्या पार्मात १९९१पासून शाळांत, दवाखान्यांत पोस्टरं लागली: कोरडं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करतंय का? निदानाच्या वेळीच किटोअ‍ॅसिडोसिस झालेल्या मुलांचं प्रमाण ७८ टक्क्यांवरून १२.५वर आलं.

आपल्याकडे ‘उन्हाळा आहे’, ‘जंत असतील’ म्हणून दिवस जातात. सारखी तहान, शू, उतरतं वजन दिसलं, तर त्याच दिवशी साखर तपासा. उलट्या, धाप असेल तर थेट रुग्णालय गाठा. तिथे सलाईन, इन्सुलिन, पोटॅशियम मोजूनमापून देतात, कारण मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. आणि मधुमेही मूल आजारपणात जेवत नसलं, तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. डोस डॉक्टरांना विचारायचा.