नाशिक जिल्ह्यातील हज यात्रेकरू आणि मेनिंगोकॉकल लस : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

नाशिकच्या संदर्भात यात्रा आणि साथ यांचा विषय निघाला की, अभ्यासकांचे लक्ष साहजिकच गोदाकाठच्या सिंहस्थाकडे आणि पटकीकडे वळते. याच जिल्ह्यातून दरवर्षी निघणाऱ्या दुसऱ्या एका यात्रेकडे तुलनेने कमी लक्ष जाते. मालेगाव हे यंत्रमागाचे शहर असून १८५७ नंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांची येथे मोठी वस्ती झाली. येथील हज यात्रेकरूंना प्रस्थानापूर्वी मेनिंगोकॉकल लस घ्यावी लागते. या सक्तीमागील इतिहासाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मेनिंगोकॉकस हा जीवाणू निरोगी माणसाच्या घशातही वास करतो. बहुतेकांना त्याचा उपद्रव होत नाही. परंतु तो रक्तात वा मेंदूच्या आवरणात शिरल्यास काही तासांत प्राण जाऊ शकतात. उपचार मिळूनही दहा रुग्णांपैकी सुमारे एक दगावतो आणि वाचलेल्यांपैकी काहींना कायमचा बहिरेपणा येतो. या रोगाच्या साथीचे पहिले स्पष्ट वर्णन १८०५ मध्ये जिनिव्हा येथे झाले, तर जीवाणूची ओळख १८८७ मध्ये वाइक्सेलबाउम यांनी पटविली. पटकी पाण्यातून पसरते. हा रोग मात्र निकट सहवासात, खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून पसरतो. म्हणूनच दाटीवाटीचा मुक्काम त्यास पोषक ठरतो. भारतात दिल्लीने १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये त्याच्या साथी अनुभवल्या.

१९८७ च्या हजमध्ये या जीवाणूच्या 'ए' गटाची मोठी साथ उद्भवली आणि यात्रेकरूंबरोबर ती अन्य देशांतही पोहोचली. त्यानंतर सौदी अरेबियाने लसीकरण सक्तीचे केले. 'ए' व 'सी' या दोन गटांविरुद्धच्या लसीने पुढील काही वर्षे निभावली. परंतु २००० मध्ये 'डब्ल्यू-१३५' हा निराळाच गट पुढे आला. यात्रेकरू आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्ती मिळून ४०० हून अधिक रुग्ण अनेक देशांत आढळले. यात्रेला न गेलेले घरचे लोकही आजारी पडले, ही बाब विशेष लक्षणीय होय. त्यानंतर चार गटांविरुद्धची लस आवश्यक ठरली. ती प्रवेशापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. केंद्र शासन ती राज्यांना पुरविते आणि जिल्हा पातळीवरील शिबिरांतून यात्रेकरूंना दिली जाते.

तथापि, त्या काळच्या पॉलिसॅकराइड लसीची एक मर्यादा होती. ती टोचून घेणाऱ्याचे रक्षण करी. पण घशातील जीवाणू हटविण्यास ती फारशी उपयोगी नव्हती. २००१ मध्ये सिंगापूरला परतलेल्या, लस घेतलेल्या यात्रेकरूंच्या तपासणीत १७ टक्के लोक जीवाणूवाहक आढळले. म्हणजे हाजी सुरक्षित, पण त्याचे घर असुरक्षित, अशी ही स्थिती होती.

यावरील उपाय म्हणजे प्रथिनाशी जोडलेली संयुग्मित लस. तिचा सर्वांत मोठा प्रयोग नाशिकपासून जेमतेम दोनशे किलोमीटरवर आकारास आला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीची 'मेनाफ्रिव्हॅक' ही लस २०१० मध्ये बुर्किना फासो, माली व नायजर येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर दिली गेली. तेथे लस न घेतलेल्यांच्या घशातूनही 'ए' गट जवळजवळ नाहीसा झाला. याच संस्थेची पाच गटांविरुद्धची लस २०२४ मध्ये नायजेरियात प्रथम वापरली गेली.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात मात्र मेनिंगोकॉकल लसीचा समावेश नाही. त्यामुळे मालेगावात एक विलक्षण विसंगती दिसते. २०२२ च्या अखेरीस याच शहरात गोवराची साथ आली होती आणि बालकांचे अपुरे लसीकरण हे तिचे एक प्रमुख कारण होते. ज्या घरातील मूल गोवराच्या लसीविना राहते, त्याच घरातील वडीलधारी व्यक्ती प्रवासाची अट म्हणून त्याहून दुर्मीळ रोगाची लस घेऊन मक्केला जाऊ शकते. ही अट परदेशाने घातलेली आहे आणि ती यात्रेकरूपुरतीच लागू होते. परतलेल्या हाजीला आलिंगन देणाऱ्या कुटुंबीयांसाठी तशी कोणतीही तरतूद नाही.