संगणकाची उष्णता आणि तिचा निचरा

ग्वाल्हेर, इंदूर किंवा हैदराबाद येथे ‘कूलर’ हा शब्द उच्चारला, की वैशाखात खिडकीला लावलेली, वाळ्याच्या जाळीतून पाणी झिरपविणारी पत्र्याची पेटी डोळ्यांपुढे उभी राहते. संगणकाच्या दुकानात मात्र हा शब्द निराळ्याच वस्तूस लावतात. कॅबिनेटच्या आत, प्रोसेसरच्या माथ्यावर बसविलेला धातूच्या पातळ पात्यांचा जुडगा आणि त्याला जोडलेला पंखा, यालाही कूलरच म्हणतात. प्रोसेसरबरोबर खोक्यात मिळालेला कूलर पुरेसा मानावा, की दुसरा विकत घ्यावा, आणि घ्यावा तर कोणता, हा प्रश्न आज पुष्कळ घरांतून व छोट्या छापखान्यांतून विचारला जातो. त्याचे उत्तर किंमतपत्रिकेत शोधण्यापूर्वी संगणकाच्या ऐंशी वर्षांच्या इतिहासाकडे दृष्टी टाकणे हिताचे आहे. कारण तो इतिहास बऱ्याच अंशी उष्णतेशी केलेल्या झगड्याचा इतिहास आहे.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात 1945 साली सिद्ध झालेले आणि 1946 च्या फेब्रुवारीत लोकांपुढे आलेले ‘एनिॲक’ हे यंत्र सुमारे तीस टन वजनाचे होते. जुन्या रेडिओत असत तसे सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह त्यात होते आणि त्याला सुमारे दीडशे किलोवॅट वीज लागे. ही सारी वीज शेवटी उष्णतेतच परिणत होई. म्हणजे दीड किलोवॅटच्या शंभर विजेच्या शेगड्या एका दालनात अहोरात्र पेटत्या ठेवाव्यात, असा तो प्रकार होता. मोठमोठ्या पंख्यांनी हवा खेळती ठेवल्याशिवाय ते यंत्र चालणेच शक्य नव्हते. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली कार्यान्वित झालेल्या आणि 1962 साली ‘टिफ्रॅक’ असे नाव मिळालेल्या यंत्रातही सुमारे सत्तावीसशे व्हॉल्व्ह होते.

पुढे व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. एकेका घटकाची उष्णता नाममात्र झाली. परंतु घटक इतक्या दाटीने बसविले जाऊ लागले, की एकंदर प्रश्न जेथल्या तेथेच राहिला. 1976 साली लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत गेलेल्या ‘क्रे-1’ ह्या महासंगणकाला थंड ठेवण्यासाठी त्या काळी शीतकपाटात वापरीत तसा फ्रेऑन वायू खेळवावा लागे. 1980 च्या ‘आयबीएम 3081’ मध्ये पाण्याचा प्रवाह आला, तर 1985 च्या ‘क्रे-2’ मध्ये वीज वाहून न नेणाऱ्या द्रवात यंत्राचे फलकच बुडवून ठेवले होते. आज काचेच्या कॅबिनेटमधून रंगीत दिव्यांसह मिरविणारी पाण्याची व्यवस्था ही नवलाई नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

घरगुती संगणकाची कथा मात्र अगदी थंडपणे सुरू झाली. 1981 च्या ‘आयबीएम पीसी’मधील 8088 ह्या प्रोसेसरच्या डोक्यावर ना धातूची पाती होती, ना पंखा. 1989 चा 486 आला, त्याचा वेग वाढत गेला, आणि 1993 मध्ये पेन्टियम आला तेव्हा उष्णता पंधरा वॅटच्या घरात पोहोचली. तेव्हापासून प्रोसेसरवर पाती आणि पंखा ही नित्याची बाब झाली. 1998 साली हौशी लोकांना असे आढळून आले, की 300 मेगाहर्ट्झचा स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर पुष्कळदा 450 मेगाहर्ट्झवर सुखाने चालतो. थोड्या पैशांत दीडपट वेग मिळत असेल, तर चांगल्या कूलरवर चार पैसे अधिक घालण्यास कोण नाही म्हणेल? निराळ्या विकतच्या कूलरचा व्यापार ह्याच हौसेच्या खतपाण्यावर वाढला.

हौसेला धोक्याचीही बाजू होती. 2001 साली टॉम्स हार्डवेअर ह्या नियतकालिकाने चालू संगणकावरचा कूलर काढून घेऊन दाखविला, तेव्हा पेन्टियम 4 ने आपला वेग उतरवून स्वतःला सांभाळले. परंतु त्या काळचा एक ॲथलॉन प्रोसेसर काही क्षणांतच जळून गेला. त्याच वर्षी इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी एका तांत्रिक परिषदेत इशारा दिला, की चिपच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे निर्माण होणारी उष्णता ह्याच गतीने वाढत गेली, तर ती अणुभट्टीच्या पंक्तीस जाऊन बसेल.

हा इशारा पोकळ नव्हता. रॉबर्ट डेनार्ड यांनी 1974 साली असे प्रतिपादिले होते, की ट्रान्झिस्टर लहान होत जाईल त्या प्रमाणात विजेचा दाबही उतरविता येतो आणि म्हणून चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागची उष्णता वाढत नाही. तीस वर्षे हा नियम उद्योगाला तारून नेत होता. पण ट्रान्झिस्टर फारच सूक्ष्म झाल्यावर बंद अवस्थेतही त्यांतून वीज झिरपू लागली आणि दाब आणखी उतरविता येईना. 2004 च्या आरंभी आलेला ‘प्रेस्कॉट’ जातीचा पेन्टियम 4 शंभर वॅटच्या पलीकडे गेला. त्याच वर्षी इंटेलने त्याचा नियोजित वारसदार रद्द केला आणि चार गिगाहर्ट्झचा पेन्टियम 4 काढण्याचा बेतही सोडून दिला. एकच घोडा अधिकाधिक पिटाळण्याऐवजी दोन घोडे जुंपावेत, तसे 2005 पासून एका चिपमध्ये दोन गाभे बसविले जाऊ लागले. उष्णतेने माणसाच्या बुद्धीला मार्ग बदलण्यास भाग पाडले, असे ह्या प्रसंगाबद्दल म्हणता येईल.

ह्याच काळात कूलरचेही रूप पालटले. आजच्या उंच कूलरच्या तळातून वर जाणाऱ्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. त्यांतील हवा काढून किंचित द्रव ठेवलेला असतो. तळाशी तो उष्णता शोषून वाफ होतो, वर पात्यांपाशी थंडावून पुन्हा द्रव होतो आणि नळीच्या आतल्या अस्तरातून खाली झिरपतो. बाष्पीभवनाबरोबर उष्णता निघून जाते, हे तत्त्व आपल्या घरातील पाण्याचा माठ पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत आला आहे. फरक एवढाच, की येथे वाफ बाहेर जात नाही. रिचर्ड गॉगलर यांना अशा साधनाचे पेटंट 1944 मध्ये मिळाले होते आणि लॉस अलामोसचे जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 मध्ये ते स्वतंत्रपणे सिद्ध केले.

आता निवडीचा विचार. पहिली गोष्ट अशी, की कूलर उष्णता नाहीशी करीत नाही; तो ती केवळ खोलीतील हवेच्या स्वाधीन करतो. म्हणून साधा कूलर, मग तो हवेचा असो वा पाण्याचा, प्रोसेसरला खोलीहून थंड करू शकत नाही. एखाद्या कूलरमुळे दर वॅटमागे पाव अंश तापमान चढते असे धरले, तर 120 वॅटला 30 अंश चढतील. पौषात खोली 28 अंशांवर असेल तर बेरीज 58 होते. ज्येष्ठात खोली 43 अंशांवर गेली, की तीच बेरीज 73 वर जाते. कॅबिनेटमधील हवा खोलीहून गरम असते आणि चिपच्या गाभ्यातील तापमान आणखी वर असते, हे निराळेच. आजचे प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या सुमारास स्वतःचा वेग कमी करतात. ते जळत नाहीत, पण काम रेंगाळते. उन्हाळ्यात लग्नपत्रिकांची घाई असताना रेंगाळणारे यंत्र छापखान्याच्या मालकास किती महाग पडते, हे त्यालाच विचारावे.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रोसेसरच्या वेष्टनावरील वॅटचा आकडा हा अखेरचा शब्द नव्हे. 2022 च्या इंटेल कोअर आय9-13900के ह्या प्रोसेसरचा मूळ आकडा 125 आहे, परंतु पूर्ण जोरात त्याची मर्यादा 253 वॅट आहे. असल्या प्रोसेसरला मोठा दुहेरी कूलर किंवा पाण्याची व्यवस्थाच हवी. उलट 65 वॅटच्या साध्या प्रोसेसरवर पत्रव्यवहार, हिशेब आणि मुलांचा अभ्यास चालत असेल, तर खोक्यातला कूलर बहुधा पुरतो. तो फार आवाज करीत असेल, तर 120 मिलिमीटरच्या पंख्याचा मध्यम कूलर घ्यावा. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो आणि कानाला त्रास देत नाही.

तिसरी गोष्ट मापाची. उंच कूलर 155 ते 165 मिलिमीटरपर्यंत असतात. अरुंद कॅबिनेटचे झाकण त्यावर बसत नाही, आणि रुंद कूलर रॅमच्या पट्ट्यांना अडतो. सॉकेटही जुळले पाहिजे. 2021 च्या एलजीए 1700 मध्ये भोकांमधील अंतर 75 वरून 78 मिलिमीटर झाले, त्यामुळे जुन्या कूलरला नवी पट्टी लागते. 2022 च्या एएम5 वर मात्र बहुतेक एएम4 चे कूलर बसतात. पाण्याच्या व्यवस्थेत पंप हा झिजणारा भाग असतो. ज्याला यंत्र वर्षानुवर्षे निर्धोक चालवावयाचे आहे, त्याला पाती आणि पंखा यांचीच जोडी सोपी. पंखा बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

शेवटी हातातील काळजी. कूलरच्या तळावरील प्लास्टिकचा पापुद्रा काढणे, थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी लावणे, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळणे आणि वर्षातून दोनदा तरी पात्यांतील धूळ झाडणे, ह्या चार गोष्टींना खर्च जवळजवळ नाही. त्या न करता घेतलेला महागडा कूलर व्यर्थ जातो, आणि त्या केल्यास सामान्य कूलरही आपले काम चोख बजावतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण येथेही लागू आहे. आधी आपल्या कामाचे माप घ्यावे, त्यावरून प्रोसेसर ठरवावा आणि प्रोसेसरच्या मापाने कूलर घ्यावा. 2004 साली मोठमोठ्या कारखानदारांना जो धडा मोठी किंमत मोजून शिकावा लागला, तो गृहस्थाला दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच फुकट शिकता येतो.